मदत हवी आहे : पूर्ण ट्रायथलॉनच्या सरावासाठी कोल्हापूर की पणजी?

नमस्कार. १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे हे अर्धे अंतर मी पूर्ण केले असून आता ३.८, १८० आणि ४२.२ किमीच्या पूर्ण अंतराची तयारी करायची आहे. त्यासाठी सहा महिने पुणे सोडण्याचा विचार आहे, कारण येथे धावण्याची अडचण नसली तरी सायकलवर सतत सिग्नल, खड्डा किंवा उलट्या दिशेने येणारी दुचाकी आडवी येते आणि पायांची लय एकदा मोडली की पाच तासांचा सराव नुसता हिशेबापुरता उरतो.

कोल्हापूरला पन्हाळ्याचा चढ हाताशी आहे. पणजीला मिरामारचा समुद्र आहे, परंतु पावसाळ्यात त्यात उतरणे धोक्याचे, शिवाय दमट हवेत घाम वाळतच नाही. (स्पर्धा उष्ण ठिकाणी असल्यास हाच फायदा म्हणायचा!)

कोल्हापुरात राजाराम तलावात पहाटे सोबतीने पोहणारे कोणी आहेत का, आणि गळीत हंगामात राधानगरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ किती वाजता सुरू होते, हे तेथील सदस्यांनी कृपया कळवावे. गोव्यातील सदस्य पावसाळ्यात पोहण्याचा सराव कोठे करतात?