आजोबांच्या वहीतले आकडे कुणाला समजतात का?

नातू_थोरला:
आजोबा जाऊन दोन महिने झाले. चाळीसेक वर्षं बांधकामावर होते, आधी घमेली उचलली, मग गवंडी, शेवटी मुकादम. घरचे म्हणाले त्यांच्यावर चार पानं लिही, पुढच्या पोरांना वाचायला राहतील. लिहायला बसलो तर कळलं की मला फक्त घरातले आजोबा माहितीयेत. संध्याकाळी आले की कोपरापर्यंत हात घासून धुणार मगच मला उचलणार, आणि गालावरून हात फिरवायचा तर कायम उलट्या हाताने, कारण तळहात सिमेंटने इतके फुटलेले असायचे की ओरखडा उठायचा. साइटवर ते कसे होते काहीच माहीत नाही.

त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन), गुण्या (कोपरा बघायची काटकोनी पट्टी) आणि खिशात मावेल अशी एक वही मिळाली. बऱ्याच पानांवर ३-४-५ लिहिलंय, तारखांपुढे ७, १४, २८. माझ्या जन्मतारखेला एवढंच आहे: "स्लॅब. रात्री १ ला संपला. नातू झाला." त्यापुढे रोज "पाणी. बाळ." "पाणी. बाळ." आजी अजूनही म्हणते की नातू झाला त्या दिवशीसुद्धा यांना साइट सोडवली नाही. आजोबांनी कधी उत्तर दिलं नाही. कुणी सांगू शकेल का हे सगळं काय आहे?

साइटवरचा:
मी साइट इंजिनिअर आहे. ३-४-५ म्हणजे काटकोन काढायची रीत. एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, आणि तिरकं माप बरोबर ५ भरलं की कोपरा काटकोनात. लाइनआउट करताना, म्हणजे जमिनीवर बांधकामाची आखणी करताना, आम्ही आजही हेच करतो. ७ आणि २८ म्हणजे क्यूबचे दिवस, कॉंक्रीट ओततानाच १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि तेवढ्या दिवसांनी मशीनमध्ये दाबून ताकद बघतात. १४ बहुतेक टेकू काढायचा दिवस, मोठ्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांत जास्त अंतर असलेल्या स्लॅबला टेकू तेवढे दिवस ठेवावे लागतात.

आणि दादा, स्लॅब सुरू झाला की मध्येच सोडता येत नाही हो. आधीचं कॉंक्रीट आवळलं की नवीन त्याच्याशी एकजीव होत नाही, सांधा राहतो आणि पुढे गळतं ते तिथूनच. मुकादम निघून गेला तर कामगार कुणाकडे बघणार. "पाणी" म्हणजे क्युरिंग, कॉंक्रीट नीट पक्कं व्हावं म्हणून ओलं ठेवणं, दुसऱ्या दिवसापासून सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून स्लॅबवर पाणी साठवतात, निदान आठवडाभर तरी, आणि ते रोज बघावं लागतं. सुट्टी नसते त्याला.

गवंड्याची_लेक:
वाचून डोळे भरले. माझे वडील पण गवंडी होते, वीट भिजवल्याशिवाय लावू द्यायचे नाहीत, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिते म्हणायचे. ते गेल्यावर मी त्यांच्यासोबत काम केलेल्या माणसांना भेटले आणि जे कळलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हीही शोधा, कुणीतरी असेलच. आणि फार उशीर करू नका, तीही माणसं थकलीत आता. तो ओळंबा मात्र कुणाला देऊ नका.

नातू_थोरला:
दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचं ऐकून त्यांच्या हाताखाली सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) करणाऱ्या एका काकांना गाठलं. त्यांना ती रात्र आठवते. संध्याकाळीच निरोप आला होता, आजोबा कुणाला काही बोलले नाहीत, फक्त दर थोड्या वेळाने किती वाजले विचारायचे. काम संपल्यावर अंगावरच्या सिमेंटसकट दवाखान्यात गेले, पण तेवढ्या रात्री आत सोडलं नाही, म्हणून बाहेर पायरीवर बसून राहिले. उजाडल्यावर आधी स्लॅबवर पाणी सोडून आले, आंघोळ केली आणि मग मला बघितलं. वहीत पाणी आधी आणि बाळ नंतर का, ते आत्ता कळलं.

काल हे सगळं आजीला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली, मग एवढंच विचारलं, "पायरीवर? रात्रभर?" वही तिने मागून घेतली आणि उशाशी ठेवलीय. मी आधीच फोटो काढून ठेवले होते, त्यावरून लिहितोय.