साताऱ्याहून कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी चालवत न्यावी की आयशरवर चढवून?

अजिंक्यतारा_१३००

मंडळी, नमस्कार. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किमीचा. तिथे ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) जायचं पक्कं करतोय. गाडी २००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल. पुढे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) उणे अडीच अंश, रेसचे पॅड, बकेट सीट, मागची सीट काढलेली आणि बोल्टवर बसणारा हाफ केज (पुढच्या सीटमागचा पाइपांचा सांगाडा). टायरचे दोन सेट आहेत, रोजचे आणि सेमी-स्लिक (ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे). साताऱ्याहून अंतर साधारण ११०० किमी, म्हणजे जाऊन-येऊन २२०० आणि ट्रॅकवरचे फेरे वेगळे.

आयशर किंवा हायड्रॉलिक फ्लॅटबेड विचारला तर भाडं दोन्ही बाजूंचं लावतात, आणि ते ट्रॅकच्या फीच्या कितीतरी पुढे जातंय. म्हणून चालवत न्यायचा विचार आहे. एक मित्र बोलेरो घेऊन सोबत येतो म्हणतोय. गाडीत नेमकं काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, आणि कुठल्या परिस्थितीत चालवत नेऊच नये, ते सांगा.

कृष्णाकाठ_गॅरेज

चालवत नेता येईल. पण सगळी तयारी परतीच्या हिशोबाने करा. जाताना गाडी ठणठणीत असते. येताना पॅड अर्धे झालेले, ब्रेक फ्लुइड एकदा उकळलेलं, टायरच्या कडा खाल्लेल्या आणि ड्रायव्हर दोन दिवस उन्हात थकलेला असतो. परतीच्या ११०० किमीला लागणारं सगळं आधीच बोलेरोत असलं पाहिजे.

सगळ्यात आधी ब्रेक. रेसचे पॅड लावून हायवेवर निघू नका. गार असताना ते पकडत नाहीत आणि हायवेवर ते नेहमी गारच असतात. आपल्या रस्त्यावर निपाणीचा तवंदी घाट आणि बेळगावच्या अलीकडचा वंटमुरी घाट आहे, ते एक वेळ निभतील. पण धर्मपुरी-सेलमच्या मध्ये तोप्पूरचा लांब उतार आहे, तिथे समोरचा ट्रक अचानक थांबला की पहिल्याच दाबाला ब्रेक लागायला हवा. म्हणून कंपनीचे पॅड लावून जा, ट्रॅकवर पोचल्यावर बदला, निघायच्या आधी परत कंपनीचे लावा.

पॅड बदलताना एक चूक हमखास होते. डिस्क तीच ठेवतात. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर चढलेला असतो, त्यावर दुसऱ्या जातीचा पॅड घासला की थर ठिगळासारखा बसतो आणि ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं. मग लोक ‘डिस्क वाकली’ म्हणून लेथवर नेतात. डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. या गाडीची डिस्क महाग नाही, तेव्हा पॅडसोबत डिस्कचाही दुसरा सेट ठेवा. कॅलिपर ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढले की डिस्क बाहेर येते. गंजून हबला चिकटली असेल तर डिस्कवरच्या आट्यांच्या भोकांत बोल्ट आवळत गेलात की सुटते, हातोडा मारत बसायची गरज नाही. डिस्क एकच ठेवायची असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल घासून जुना थर काढा. नंतर ८० च्या वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारा, दर वेळी थोडा जास्त जोर. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी फिरवून गार होऊ द्या. हे ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्ये करायचं, गावाच्या रस्त्यावर नाही.

फ्लुइड निघायच्या आधी पूर्ण बदला. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर तोच आकडा १५५ वर येतो. जुनं फ्लुइड चहासारखं तपकिरी दिसतं, ते तसंच ठेवून ट्रॅकवर गेलात तर चौथ्या-पाचव्या फेरीला पेडल तळाला जाईल. अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे सोबत ठेवा, एक ट्रॅकवर लागला तर आणि एक परतीला. पेडल एकदा जरी मऊ लागलं तरी घरी निघायच्या आधी चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची. गार झाल्यावर पेडल परत कडक वाटतं आणि माणूस तिथेच फसतो, कारण आतलं फ्लुइड तेच राहिलेलं असतं.

सेशन संपल्यावर एक फेरी ब्रेक न वापरता हळू मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागे ड्रम आहेत, तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.

बोलेरोत हे भरा: सेमी-स्लिकचा सेट, दोन टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, टॉर्क रेंच, १९ चा सॉकेट, हवेचा गेज, दोन लिटर इंजिन ऑइल, क्लच केबल, फॅन बेल्ट, रेडिएटर फॅनचा रिले, फ्यूज, होजपाइपच्या क्लिपा आणि चार-पाच जादा व्हीलनट. क्लच केबल विसरू नका. या मॉडेलला हायड्रॉलिक क्लच नाही, आणि तुटलेली केबल रविवारी संध्याकाळी परगावात शोधणं अवघड.

मित्र ऐनवेळी आला नाही तर चारही टायर स्विफ्टमध्ये मागे टाकून निघू नका. रिमसकट चार टायर म्हणजे ५० किलोच्या वर वजन, आणि ते तुमच्या डोक्यामागे. न्यायचेच असतील तर सीटबेल्टच्या मूळ बोल्टना रॅचेट बेल्टने बांधा. केजच्या पाइपाला नुसती दोरी गुंडाळून भागत नाही.

मिरज_लोडिंग

वरचं सगळं बरोबर आहे, पण भाड्याची गाडी अशी झटकन सोडू नका. दोन गोष्टींवर ठरवा. एक, गाडी सोमवारी कामावर जायला लागते का? लागत असेल तर चालवत नेऊ नका. दोन, केज पुढच्या सीटच्याही पुढे येतो का? तुमचा हाफ केज आहे म्हणून विषय इथे संपतो. पण फुल केजच्या गाडीत हेल्मेटशिवाय ११०० किमी बसणं मला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही. साध्या धडकेत डोकं बाजूच्या पाइपावर आदळतं, आणि वरून लावलेला मऊ फोम त्याला अडवत नाही.

भाड्याची गाडी ठरवताना लोक फक्त लांबी विचारतात. स्विफ्ट सुमारे १२ फूट लांब, १४ फुटी बॉडीत बसते. अडचण रुंदीची होते. गाडी साडेपाच फूट रुंद आहे. दोन्ही बाजूंना पक्के फाळके असतील तर आत चढवल्यावर दरवाजा पुरता उघडत नाही आणि चालक आतच अडकतो. फाळके खाली पडणारी बॉडी किंवा उघडा फ्लॅटबेड मागा. दुसरं, आयशरचा तळ उंच असतो, त्यामुळे चढवायला माल उतरवायचा धक्का लागतो. तो इथे एमआयडीसीत सहज मिळेल, पण उतरवताना ट्रॅकवर काय करणार ते आधी विचारा. हायड्रॉलिक फ्लॅटबेडला ही अडचण नाही, पण पुढचा बंपर खाली असेल तर रॅम्पच्या तोंडाशी दोन लाकडी फळ्या टाकून चढ कमी करा.

बांधताना बेल्ट चाकावरून घ्या. बॉडीला किंवा लोअर आर्मला बांधून ओढलं तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग दबतं, बेल्ट क्षणभर सैल पडतो आणि हुक निसटतो. चाक बांधलं की वरची गाडी हवी तेवढी हलू दे, काही बिघडत नाही. पहिले ३०-४० किमी गेल्यावर थांबून सगळे रॅचेट परत आवळायला लावा. तासवडे टोलनाक्याच्या आधीच हे झालेलं असावं.

मधला मार्गही आहे. जाताना चालवत न्या आणि येतानाची सोय आधीच ठरवून ठेवा. बंगळूरहून पुण्याकडे रिकाम्या येणाऱ्या गाड्या असतात, त्यांना परतीचा माल हवाच असतो, म्हणून भाडं कमी पडतं. दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर निघायच्या आधीच खिशात असू द्या. गाडी ट्रॅकवर बंद पडल्यावर शोधायला गेलात तर सांगतील ते द्यावं लागतं. इन्शुरन्ससोबत मिळणाऱ्या रोडसाइड मदतीवर विसंबू नका. किती किमीपर्यंत उचलतात याला मर्यादा असते आणि ट्रॅकवर झालेला बिघाड बहुतेक वेळा त्यात बसत नाही.

अजिंक्यतारा_१३००

दोघांचेही आभार. डिस्कचा दुसरा सेट घेतोच. अलाइनमेंटचं काय करू? उणे अडीच कॅम्बर ठेवून २२०० किमी मारले तर रोजचे टायर आतून संपतील ना? दर वेळी मशीनवर जाणं तिकडे शक्य नाही. आणि मागची सीट परत बसवावी लागेल का?

टो_शून्य_सांगली

टायर कॅम्बरने खातो त्यापेक्षा टोने (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) जास्त खातो. नुसत्या कॅम्बरने आतली कड थोडी लवकर झिजेल, पण ट्रॅकसाठी टो-आउट (तोंडं बाहेर) दिलेला असेल तर चाक सतत तिरकं घसटत चालतं आणि दोन हजार किमीत आतली कड दोऱ्यापर्यंत जाऊ शकते. टायरवर तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचरं लागलं तर तो टोचा दोष. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी हाताला कळतं.

उपाय सोपा आहे. साताऱ्यातच मशीनवर दोन सेटिंग काढून ठेवा. प्रवासाचं सेटिंग कॅम्बर उणे दीडच्या आसपास, टो शून्य. ट्रॅकचं तुमचं नेहमीचं. दोन्ही सेटिंगला स्ट्रटच्या बोल्टवर आणि नकलवर (चाकाचा हब धरणारा भाग) समोरासमोर पेंट मार्करने रेघ मारा, एकाला पांढरी, दुसऱ्याला पिवळी. टायरॉडला लॉकनटपासून किती आटे दिसतात ते मोजून लिहा आणि एक बाजू रंगवून ठेवा, म्हणजे अर्धा फेरा की पाव फेरा ते मोजता येईल. कॅम्बर बदलला की टोही आपोआप बदलतो, म्हणून दोन्ही खुणा जोडीनेच वापरायच्या. एकच हलवून निघालात तर गाडी हायवेवर भरकटेल. एवढा खटाटोप नको असेल तर कॅम्बर तसाच राहू दे, फक्त टो शून्य करा. अर्धी झीज तिथेच वाचते.

हवेचंही तसंच. सेमी-स्लिक ट्रॅकवर गार असताना २६-२८ पीएसआयला सुरू करा, तापल्यावर ३२-३४ च्या आसपास स्थिरावू द्या. जास्त झाली तर पिटमध्ये कमी करा. परतीला मात्र रोजचेच टायर लावा आणि दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा भरा, तोही टायर गार असताना. सेमी-स्लिकवरच घरी निघणारे गरम असताना उतरवलेली हवा विसरतात. गार झाल्यावर ती २४-२५ वर येते, मग हायवेच्या वेगाला टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि फाटते. त्यात पाऊस आला तर सेमी-स्लिकला पाणी बाहेर टाकायला पुरेशा खाचा नसतात.

कागल-सातारा रुंदीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते अचानक समोर येतात, त्यावर खडी आणि उंचवटे. कॉइलओव्हर प्रवासाला १५-२० मिमी वर उचला. उंची बदलली की कॅम्बर-टो दोन्ही सरकतात, म्हणून आधी उंची, मग अलाइनमेंट. उलट केलंत तर मशीनचे पैसे वाया.

एमएच५०_कागदपत्र

सीटचं मी सांगतो. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. सीट कायमची काढणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलच धरला जातो. बसवून जा, ट्रॅकवर काढा. हाफ केजच्या मागच्या आडव्या पाइपामुळे सीट बसत नसेल तर तो पाइप बोल्टचा करून घ्या. बकेट सीटला हार्नेस असला तरी मूळचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट काढू नका. रस्त्यावर तोच लावायचा.

२००८ ची गाडी म्हणजे आरसीची १५ वर्षं उलटून गेलीत. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. ते झालंय ना, तारीख बघा. एचएसआरपी नंबरप्लेट, पीयूसी आणि चालू विमा हे तिन्ही लागणारच, कारण वाटेत कर्नाटक आणि तमिळनाडू अशी दोन राज्यं आहेत. विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकच्या फाटकाच्या आत झालेलं नुकसान स्वतःच्या खिशातून. रस्त्यावर येताना मूळचा सायलेन्सर लावा आणि दारांवर रेस नंबर चिकटवला असेल तर काढून टाका.

पेट्रोल डब्यात भरून गाडीत ठेवू नका. ट्रॅकच्या अलीकडच्या पंपावर टाकी फुल करा. ४३ लिटरची टाकी आहे आणि ट्रॅकवर ॲव्हरेज हायवेच्या निम्म्याच्याही खाली जातं. पाव टाकीच्या खाली गेलात की लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि इंजिन अडखळतं. लोक ते इग्निशनचं समजून प्लग बदलत बसतात.

कृष्णाकाठ_गॅरेज

एक राहिलं. व्हीलनट ८५ न्यूटनमीटरला, टॉर्क रेंचनेच, आट्यांना ग्रीस न लावता आवळायचे. प्रत्येक वेळी टायर बदलल्यावर ५०-६० किमीवर थांबून गार नट परत तपासा. परतीला सेलम यायच्या आत एक थांबा खास यासाठी धरा.