'हेल्थस्पॅन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आजार झाल्यावर इलाज करण्यापेक्षा तो होऊच न देण्याकडे वैद्यक कसं वळतंय, यावर लेख लिहितोय. 'लाइफस्पॅन'साठी 'आयुर्मान' वापरलं. 'हेल्थस्पॅन'पाशी, म्हणजे आयुष्यातल्या धडधाकट काळापाशी, गाडी अडली. 'निरोगी दीर्घायुष्य' म्हटलं तर वर्षं किती आणि त्यातली धडधाकट किती, हे दोन्ही एकात कालवलं जातं.

– 'आरोग्यमान'? आयुर्मान, पर्जन्यमान यांच्याच घरातला शब्द.

– 'आरोग्यमान' ऐकून आज आरोग्य किती अंश आहे ते बघावंसं वाटतं. यात काळ कुठेच येत नाही. 'निरामय काळ' कसा वाटतो?

– 'निरामय'ला माझी हरकत आहे. आमय म्हणजे रोग, तो नसलेला तो निरामय. पण रक्तदाबाची रोज एक गोळी घेऊन डोंगर चढणारा माणूस निरामय नाही, तरी त्याची ती वर्षं धडधाकटच म्हणायची. 'हातीपायी धड' यात जे आहे ते निरामयात नाही.

आणि मूळ प्रश्नातच एक घोटाळा आहे. आयुर्मान म्हणजे 'लाइफ एक्स्पेक्टन्सी', अख्ख्या लोकसंख्येची सरासरी. एकट्या माणसाचा लाइफस्पॅन म्हणजे त्याचं साधं आयुष्य. जागतिक आरोग्य संघटना सरासरी आयुर्मानाशेजारी आणखी एक आकडा देते, त्याला 'निरोगी आयुर्मान' म्हणता येईल. 2019 साली जगाचं आयुर्मान होतं सुमारे 73 वर्षं, निरोगी आयुर्मान साधारण साडेत्रेसष्ट. म्हणून चौसष्टाव्या वर्षी सगळे अंथरूण धरतात असं नाही. आजारपणात गेलेलं वर्ष त्रासाच्या प्रमाणात कमी धरतात, त्या वजावटीतून हा आकडा येतो. लेखात 'आयुष्य' आणि 'आयुर्मान' हे दोन शब्द वेगळे ठेवा.

– नुसतं लांब आयुष्य म्हणजे काय ते अश्वत्थाम्याला विचारा. चिरंजीव आहे, पण कपाळावरची जखम काही भरत नाही.

– जाता जाता: आजार होऊच न देण्याला 'रोगनिवारण' नको. निवारण आलेल्या गोष्टीचं होतं, तक्रारीचं होतं तसं. न आलेल्याला 'प्रतिबंध'. त्याला बंदीचा वास येतो खरा, पण 'प्रतिबंधक लस' सगळ्यांना कळते.

– मग तपासणीत आजार लवकर सापडला तर तो प्रतिबंध कसा? आजार तर आलेलाच असतो.

– वैद्यकात त्याला 'दुय्यम प्रतिबंध' म्हणतात. आजार थांबला नाही, त्याचं पुढचं नुकसान थांबवलं. लस, तंबाखू सोडणं हे प्राथमिक. 'दुय्यम' वाचून लोक ते कमी महत्त्वाचं समजतात, मी तरी 'दुसऱ्या टप्प्यातला' लिहितो.

प्रश्नकर्ता: आयुर्मानाची चूक मान्य, दुरुस्त करतो. मजकुरात 'धडधाकट वर्षं' आणि शीर्षकात 'आरोग्यकाल' ठेवावं म्हणतो.

– ठेवा, पण जोडून लिहा. मध्ये जागा सुटली तर 'आरोग्य काल' होईल, म्हणजे काल होतं, आज नाही.