बी विंग : जळका वास कुणाकडून येतोय?

बी-४०२ केतकर सर: तिसऱ्या मजल्यावर वायर जळल्यासारखा उग्र वास येतोय. कुणाकडे गीझर, एसी चालू राहिलाय का? कृपया लगेच बघा.

सेक्रेटरी: वॉचमनला मीटर रूम बघायला पाठवलंय. तोवर बी विंगची लिफ्ट कुणी वापरू नका.

बी-३०२ मेधा: लिफ्ट वापरा हो. वास माझ्याकडचा आहे. पोळ्या जळल्या.

बी-४०२ केतकर सर: पोळीचा असा वास नसतो.

बी-३०२ मेधा: प्लास्टिकच्या आहेत सर. प्रत्येकी १६ मिलीमीटर. खिडक्या उघडल्यात, सगळ्यांची माफी मागते.

सी-२०३ अश्विनी: मेधाताई, काय चाललंय नक्की??

सेक्रेटरी: वॉचमन परत बोलावतो.

बी-३०२ मेधा: सांगते. मी बाहुलीघराच्या क्लासला जातेय. चार रविवार, दोन-दोन तास, साडेतीन हजार फी, सामान धरून. पॉलिमर क्लेच्या पोळ्या ओटीजीत भाजायच्या होत्या. पाकिटावर १३० लिहिलं होतं, मी १३०च लावलं, पण ट्रे वरच्या कॉइलच्या जवळ गेला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. पुढचं तुमच्या नाकाला माहीत आहे.

बी-४०२ केतकर सर: ही क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी. जास्त तापली की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माझे डोळे चुरचुरले ते उगाच नाही. आतलं तापमान मोजायला ओव्हनचा थर्मामीटर घ्या, डायलवर विश्वास ठेवू नका. वरून फॉइल झाका. आणि त्या ओटीजीत आता केक करू नका.

बी-३०२ मेधा: हो सर. ओटीजी पोळ्यांना वाहिला.

सी-५०१ देशपांडे: साडेतीन हजार देऊन भातुकली! आमच्या आईकडे पितळेची अख्खी होती, बंबासकट. फुकट देतो, या घेऊन.

बी-३०२ मेधा: द्या, नक्की येते. पण देशपांडे, भातुकली वेगळी. ती मुलीच्या हाताच्या मापाची. तिच्यात खरे चुरमुरे जातात, खरा गूळ-शेंगदाणा जातो, म्हणून तिची कढई बंबाएवढी असली तरी कुणाचं बिघडत नाही. हे काम फुटपट्टीचं. फुटाचा इंच करायचा, १:१२. पहिल्या रविवारी बाईंनी क्लेला हातसुद्धा लावू दिला नाही. दोन तास नुसती स्टीलची पट्टी आणि सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पुठ्ठा. गृहपाठ काय, तर आपलंच स्वयंपाकघर मोजून आणा. एकवीस वर्षं त्या ओट्यापाशी उभी आहे, पण तो ३३ इंच आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाहुलीघरात पावणेतीन. दार सात फूट, म्हणजे सात इंच. माझी पोळी साडेसात इंचाची, ती झाली १६ मिमी. शर्टाच्या बटणाहून जरा मोठी.

आणि खरी गंमत दाण्यांत आहे. फोडणीच्या डब्यात मोहरी म्हणून मी खसखस रंगवून ठेवली होती. बाई म्हणाल्या, गुणिले बारा करा. खसखशीचा दाणा एक मिलीमीटर, म्हणजे बारा मिमीची मोहरी! तो भिजवलेला हरभरा झाला. तेव्हापासून आमच्या बाहुलीघरात खसखशीची उसळ आहे. खरी मोहरी घेतली तर टपोरी बोरं होतात.

सी-२०३ अश्विनी: हाहाहा. पोळीवरचे डाग कसे करतात?

बी-३०२ मेधा: पांढऱ्या क्लेत चिमूटभर पिवळट आणि थोडी पारदर्शक मिसळायची, नाहीतर पोळी खडूसारखी दिसते. पातळ लाटून जुन्या टूथब्रशने टोचायची. मग तपकिरी सॉफ्ट पेस्टल ब्लेडने खरवडून ती पूड कोरड्या ब्रशने लावायची, भाजायच्या आधी. मी पहिल्या सहा पोळ्यांना सारखे पाच-पाच ठिपके दिले, तर त्या सोंगट्या दिसायला लागल्या. घडीच्या पोळीला डाग कडेला आणि पदर सुटतो तिथे असतात, मधोमध नाही. हे मी रोज दहा पोळ्या करून कधी बघितलं नव्हतं.

सी-२०३ अश्विनी: ईराला पाठवू का? नऊ वर्षांची आहे.

बी-३०२ मेधा: तिथे नको, सारखं कटर हातात असतं. घरी कोल्ड पोर्सिलेन करून दे. पांढरं कॉर्नफ्लोअर आणि फेव्हिकॉल समसमान, चमचाभर तेल, थोडं व्हिनेगर. जुन्या नॉनस्टिकमध्ये मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत ढवळ. ते भांडं परत खाण्याला वापरू नकोस. ओव्हन लागत नाही, हवेवर वाळतं. वाळताना आकसतं मात्र, थोडं मोठंच कर.

सी-५०१ देशपांडे: दिवाळीच्या आधी शिकवा पोरांना. गेल्या वर्षी पार्किंगमधल्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच होते.

ए-२०४ रोहन (सध्या लंडन): महाराज उंचच हवेत काका! विषय निघालाय म्हणून, मागच्या महिन्यात विंडसर किल्ल्यात क्वीन मेरीचं बाहुलीघर बघितलं. १९२४ साली पूर्ण झालं, तेही १:१२. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. आराखडा एडविन लट्यन्सचा, म्हणजे आपल्या राष्ट्रपती भवनाचाच माणूस. तिकडे दिल्लीचं काम चालू असतानाच हे चाललेलं.

बी-४०२ केतकर सर: शंभर वर्षं लिफ्ट चालतेय?

सेक्रेटरी: रोख कळला सर. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचं (एएमसी) कोटेशन मंगळवारी येतंय.
मेधाताई, क्लबहाऊस रविवारी ११ ते १ रिकामं असतं. मुलांसाठी घ्यायचं तर घ्या. ओव्हन चालणार नाही.

ए-१०१ आप्पा: मेधा, तू फक्त ओट्याचंच स्वयंपाकघर करतेस की चुलीचंही?

बी-३०२ मेधा: क्लासमधला नमुना फायरप्लेसचा होता आप्पा. विटांची शेकोटी, वर आरसा. मी म्हटलं, मला चूल करायचीय. बाई हो म्हणाल्या, पण माप तुमचं तुम्ही आणा. कुठून आणू? चूल मी दुरूनच बघितलेली.

ए-१०१ आप्पा: आमच्या वाड्यात दोन होत्या, एकीला वैल, म्हणजे बाजूची जोडचूल. मागे देवळी, तिच्यात रॉकेलची चिमणी. डाव्या हाताला जमिनीत पुरलेलं उखळ. पावसाळ्यात आई त्यावर पाट टाकायची आणि मी त्यावर बसून अभ्यास करायचो. वरचं कौल एक काचेचं होतं.

बी-३०२ मेधा: थांबा थांबा, वही आणते. चुलीची उंची किती?

ए-१०१ आप्पा: एक वीत. आई दर दसऱ्याला नवी घालायची, तेव्हा हातानेच मोजायची.

बी-३०२ मेधा: वीत म्हणजे नऊ इंच धरते. बाहुलीघरात पाऊण इंच.

ए-१०१ आप्पा: आठ धर. आई लहानखुरी होती.

बी-३०२ मेधा: आठ. म्हणजे १७ मिमी. लिहिलं.