मराठी बालसाहित्याचा आरंभ १८०६ धरावा की १८२८?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, सोलापूर)

नमस्कार. आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या भिंतीवर मराठी बालसाहित्याचा इतिहास फलकांतून मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी पहिल्याच फलकापाशी अडले आहे. एका ग्रंथात आरंभ १८०६ सालच्या, तंजावरच्या 'बालबोध मुक्तावली'पासून धरला आहे, तर दुसऱ्यात १८२८ सालच्या 'बाळमित्रा'पासून. फलक वाचणारी मुले तिसरी-चौथीतली असून त्यांतली बरीचशी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांच्यासमोर चुकीची माहिती जाऊ नये, अशी तळमळ आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल)

ताई, दोन्ही नोंदी बरोबर आहेत. वाद आहे तो 'आरंभ' या शब्दाचा. सरफोजीराजांच्या आश्रयाने तंजावरात सख्खण पंडितांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या, म्हणून छापील पुस्तकाचा मान १८०६ ला द्यावा लागतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या, तेव्हा मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघत होत्या आणि त्या शाळांतून वाचायला पुस्तके हवी होती. तंजावरच्या पुस्तकाला हा वाचक लाभला नव्हता, छत्र्यांच्या पुस्तकाला तो लाभला. त्याच वर्षी त्यांची इसापनीतीही आली.

तरीही माझे मन १८८१ कडे ओढ घेते. विनायक कोंडदेव ओक यांनी त्या वर्षी 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत महिन्यामागून महिना मुलांसाठी चरित्रे, कविता, निबंध लिहिले. मुलांनी पुढच्या अंकाची वाट पाहावी, ही गोष्ट मासिकामुळेच शक्य झाली. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' आला आणि ही वाट रुंदावली. नोकरीत असताना एका जुन्या बालमासिकाचा बांधीव खंड मी हाताळला होता. त्यातल्या कोड्याचे उत्तर कुणा मुलाने पेन्सिलीने लिहून, खोडून, पुन्हा लिहिले होते. कागद पिवळा पडून कडांना तुटत होता, पण ते खोडलेले उत्तर स्पष्ट वाचता येत होते. आपल्या फलकावर अशा वाचकाला जागा मिळावी, असे मला फार वाटते.

उत्तर २ (सोलापूरच्या पूर्व भागातील रहिवासी)

ग्रंथपाल सरांच्या विवेचनाबद्दल आदर राखून एक मतभेद नोंदवतो. छापील पुस्तकापासूनच आरंभ धरला, तर आमच्या घरची गोष्ट या इतिहासातून वगळली जाते. आमची अव्वा (आजी) मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असे, आणि पाने कापता कापता 'अनगनगा' (तेलुगूत 'एकदा काय झाले') म्हणून राजाची गोष्ट सुरू करी. मराठी शाळेत गेल्यावर चिमणीचे मेणाचे घर आणि कावळ्याचे शेणाचे घर भेटले, तेव्हा ती गोष्ट मला परकी वाटली नाही, कारण कान आधीच तयार झाला होता. पुढे आमच्याकडे 'चांदोबा' येऊ लागला. हे मासिक जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' या अर्थाच्या नावांनी निघाले आणि नंतर मराठीत आले. शेजारच्या घरी तेलुगू अंक येई. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन्ही अंकांत तोच असे. मी मराठी वाचून दाखवीत असे आणि अव्वा चित्रावर बोट ठेवून पुढची गोष्ट आपल्या भाषेत सांगे. सोलापुरातल्या मुलांना हा दुवा दाखवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३

अलीकडच्या फलकासाठी 'किशोर' विसरू नये. बालभारतीने ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले. जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. मुलांना ते वर्गातच दाखवता येतील.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. १८०६ आणि १८२८ ही दोन्ही साले एकाच फलकावर, त्यांतला फरक सांगून लिहीन, आणि 'बालबोधा'ला स्वतंत्र फलक देईन. त्यांच्याही आधी सांगीव गोष्टींचा एक फलक लावण्याचे ठरवले आहे. पूर्व भागातील दादांनी अव्वांच्या गोष्टीचे पहिले वाक्य तेलुगू लिपीत लिहून पाठवले, तर ते मी त्या फलकावर सर्वांत वर लावीन.