अनुभव धागा : माफिया प्रेमकथा वाचून झालेला अपेक्षाभंग

धागाकर्ती, रत्नागिरी
पावसात वीज सारखी जात होती, त्या आठवड्यात मोबाइलवर उतरवून ठेवलेली एक ‘डार्क माफिया रोमान्स’ कादंबरी मी वाचून संपवली. वडिलांच्या कर्जापोटी टोळीप्रमुखाशी लग्न लावून दिलेली नायिका, दोघांच्या तोंडून आलटून पालटून येणारी प्रकरणे आणि आरंभीच हिंसेबद्दल सावध करणारे पान, हे सारे मला मान्य होते. या प्रकारातला अंधार वाचायलाच मी बसले होते. पण नायक नेमका कोणता धंदा करतो, कोणाच्या पोटावर पाय देऊन श्रीमंत झाला आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘बंदरावर माल उतरला’ एवढे एक वाक्य येते आणि पुढच्याच परिच्छेदात तो हिऱ्यांचा हार घेऊन तिच्या खोलीत उभा असतो. आपणही असे काही वाचले असेल तर जरूर लिहावे.

वाचक, श्रीवर्धन
‘माल उतरला’ हे वाक्य मला सहज ओलांडता येत नाही. १९९३ साली आमच्या जवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली आणि १२ मार्चच्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. पुढे त्या खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. माल उतरतो तेव्हा होडी लागते, ट्रक लागतो, खांद्यावर पेट्या वाहणारी माणसे लागतात आणि पैसे घेऊन पाठ फिरवणारा साहेबही लागतो. मी वाचलेल्या कादंबरीत धक्क्यावरचा रात्रीचा प्रसंग सहा पानांचा आहे; त्यात नायकाच्या शर्टाच्या उघड्या गुंड्या दोनदा येतात, पण पेट्या कोण उचलतो ते एकदाही येत नाही. समुद्राला भरती होती की ओहोटी, हेदेखील लेखिकेला सुचलेले नाही. मी तिथेच वाचन थांबवले.

वाचक, मालवण
माझी तक्रार नायिकेबद्दल आहे. कोंडून ठेवल्यावर ती दारावर मुठी आपटते, जेवणाचे ताट परत पाठवते. ते प्रकरण खरोखर चांगले उतरले आहे. पंधरा पानांनंतर तीच त्याची क्षमा मागते. मधल्या काळात तिच्या मनात काय घडले, ते लिहिणे हेच तर लेखिकेचे काम होते.

वाचक, गुहागर
माझे किराणा मालाचे दुकान आहे, म्हणून एक प्रसंग फार लागला. इटलीतल्या पालेर्मो शहरात नायक एका दुकानात शिरतो, दुकानदार उठून उभा राहतो, कॉफी देतो आणि पैसे घेत नाही. नायिकेला त्यात नवऱ्याचा मान दिसतो. त्याच पालेर्मोत लिबेरो ग्रासी नावाच्या उद्योजकाने माफियाला खंडणी देण्यास जाहीर नकार दिला होता. २९ ऑगस्ट १९९१ रोजी सकाळी घराजवळच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे ठाऊक असल्यामुळे मी त्या दुकानदाराकडेच पाहत राहिलो. कॉफीचा पेला पुढे करताना त्याचा हात कापत होता का, हे मला वाचायचे होते. कादंबरीत त्याला नावसुद्धा नाही.