गाडीच्या एअर फिल्टरची पेटी घरी काढावी का?

चाकणकर: ‘पेटी घरी काढाल तर इंजिनाची वाट लागेल’ हे कालचं वाक्य वाचून राहवलं नाही. कसली वाट? इंजिन थंड, चावी बंद. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर लॉक दाबून काढायचा, वायर ओढायची नाही. पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प सैल करायचा, इंजिनातले वायू हवेच्या वाटेत परत आणणारा ब्रीदर पाइप सोडवायचा, बोल्ट काढले की पेटी हातात. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तिच्या तोंडावर स्वच्छ फडकं. पावसाळा संपला की मी हेच करतो.

गॅरेजवाला सातारा: तुम्ही नीट करता, मान्य. माझ्याकडे येतात ते होज अर्धवट बसवून. सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. टर्बो डिझेलमध्ये आत पडलेला एक नट टर्बोची पाती खातो. फिल्टर बदलायला क्लिपा उघडल्या की पुरे, अख्खी पेटी कशाला?

चाकणकर: उंदीर! आमच्या पार्किंगमध्ये तळाशी घरटं करतात. नुसतं झाकण उघडून खालचा पाइप साफ होतो का?

मुग्धा कोथरूड: उंदीर राहू दे, बिलाचं बोला. सर्व्हिस सेंटरने ‘फिल्टर क्लीनिंग’चे पैसे लावले आणि क्लिपांवरची धूळसुद्धा हललेली नव्हती! जाब विचारला तर वॉरंटीची भीती घालतात.

गॅरेजवाला सातारा: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

मुग्धा कोथरूड: का नको? कागदी फिल्टर कॉम्प्रेसरने झोडपतं कोण? तुमच्याच धंद्यातले. कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा झिजतात. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. गाडी माझी, पेटीही मीच उघडणार.

गॅरेजवाला सातारा: ताई, आवाज चढवू नका. पोर्टल वाचून क्लॅम्प आवळला जात नाही.

नाशिक डिझेल: भांडा खुशाल, पण फिल्टर कधी बदलायचा यासाठी गाडीच्या पुस्तिकेतल्या किलोमीटरवर विसंबू नका. आमच्या मळ्याच्या कच्च्या रस्त्याला फिल्टर कितीतरी आधी भरतो. बदला, फुंकत बसू नका.

गॅरेजवाला सातारा: हे बरोबर. चाकणकर, उंदरांसाठी काढा पेटी. पण आधी फोटो घ्या, आणि बसवल्यावर होजच्या दोन्ही टोकांवर हात फिरवून बघा. बिलांबद्दल मी बोलणार नाही.

मुग्धा कोथरूड: बोलायलाच हवं. जुना फिल्टर गिऱ्हाइकाला दाखवता का?

गॅरेजवाला सातारा: दाखवतो. डिकीत ठेवून देतो.